फुटबॉलचे आकडे कितपत खरं बोलतात?

पेण-रोहा पट्ट्यात खेळ म्हटला की कबड्डी. निडी गावाच्या वर नागोठणं, खाली रोहा. मधल्या कुठल्याही गावात हिवाळ्यात जा, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चाललेले असतात आणि मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसलेला गुणलेखक धावत्या गुणांच्या रकान्यातला एकेक आकडा खोडत असतो. चढाई तीस सेकंदांची. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत ऐंशीच्या आसपास चढाया होतात आणि प्रत्येकीचा काही ना काही हिशेब लागतो: गुण, पकड, बोनस, नाहीतर रिकामी. सामना ३६-२४ असा संपला की सरस कोण यावर वाद उरत नाही. उरलाच तर पंचांवर उरतो.

ही सवय घेऊन आपण फुटबॉल बघायला बसतो आणि फसतो. नव्वद मिनिटं बावीस माणसं धावतात, हजारभर पास होतात आणि शेवटी फलकावर दोन-तीन गोल. कधी तेवढेही नाहीत. इतक्या थोड्या गोलांवरून 'अमका संघ चांगला खेळला' असं ठरवणं म्हणजे पहिल्या तीन चढायांवरून कबड्डीचा निकाल जाहीर करणं. फुटबॉलची सगळी आकडेमोड याच अडचणीतून जन्माला आली आहे: गोल कमी पडतात, मग आणखी काय मोजायचं?

अडचण किती मोठी आहे ते एका छोट्या गणितात दिसतं. समजा एका संघाकडून सामन्याला सरासरी १.५ गोल अपेक्षित आहेत आणि समोरच्याकडून १. पहिला संघ सरळ दीडपट सरस. पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र इथे वापरतात. क्वचित घडणाऱ्या घटना ठरावीक वेळात किती वेळा घडतील याचा अंदाज ते देतं. सूत्रात हे दोन आकडे घातले तर सरस संघ जिंकण्याची शक्यता निघते ४९ टक्के, बरोबरीची २६ आणि दुबळा संघ जिंकण्याची २५. दीडपट ताकद असूनही निम्म्याहून कमी सामने जिंकायचे, आणि चारातला एक हरायचा! हेच प्रमाण कबड्डीच्या ३६-२४ ला लावलं, तर दुबळा संघ शंभरात पाच-सहा वेळाच जिंकेल. कबड्डीचे गुण या सूत्रात नेमके बसत नाहीत हे खरं, कारण लोण पडला की गुण झुंडीने येतात. पण दोन खेळांतल्या फरकाचा अंदाज यायला एवढं पुरे. १९८२ मध्ये माहेर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने फुटबॉलला हे सूत्र नीट बसवून दाखवलं. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात ०-०, १-०, १-१ अशा कमी गोलांच्या निकालांसाठी दुरुस्ती सुचवली. आज सट्टेबाजांपासून वर्तमानपत्रांपर्यंत जो तो सामन्याआधी टक्केवारी छापतो, तिच्या मुळाशी बहुधा हेच असतं.

आता आपल्या अंगणातला एक सामना घेऊ. निडीहून गाडीने पनवेल गाठायचं आणि पुढे हार्बर मार्गाने नेरूळ, तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ ला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. स्पेन १, कोलंबिया ०. गोल ८२व्या मिनिटाला झाला आणि तो स्पेनच्या कुणी केलाच नव्हता. कोलंबियाच्याच खेळाडूला लागून चेंडू जाळ्यात गेला. विश्वविजेतेपद स्वयंगोलावर ठरलं. त्याआधी साखळीतही हेच दोन संघ भिडले होते आणि तिथेही निकाल १-० असाच लागला होता. दोन सामने मिळून १८० मिनिटं, दोन्हींत एका गोलाचा फरक. स्पेन सरस होतं का? असेलही. पण हे दोन निकाल साक्षीला आणले तर कुठलाही बरा वकील ते उडवून लावेल.

म्हणून हल्ली गोलांऐवजी संधी मोजतात. त्या मापाला सगळे सरसकट 'एक्सजी', म्हणजे अपेक्षित गोल, म्हणतात. शॉट कुठून मारला, गोलखांबांशी कोन किती होता, पायाने मारला की डोक्याने, पास कसा आला, समोर बचावपटू किती, हे सगळं टिपायचं आणि आजवर नोंदलेल्या तशाच हजारो शॉटशी ताडून पाहायचं. तसल्या शंभर शॉटमागे आठ गोल झाले असतील, तर या शॉटची किंमत ०.०८. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या आसपास. पंचवीस यार्डांवरून कुणी उगाच हाणलेला फटका दोन-तीन शतांशांचा. सगळ्या शॉटची बेरीज म्हणजे त्या संघाचा एक्सजी. नेरूळच्या त्या अंतिम सामन्यात या मापाची गंमत अशी, की स्वयंगोल हा कुणाचाच शॉट धरला जात नाही. ज्या क्षणाने विश्वचषक दिला, त्याचं वजन एक्सजीच्या तराजूत शून्य.

टीकाकार इथे लगेच टाळी वाजवतात: बघा, गोलच दिसत नाही असलं कसलं माप! मला उलट वाटतं. एक्सजीला निकाल सांगायचाच नसतो. तो फलकावर लिहिलेला असतोच. हा खेळ पुन्हा शंभर वेळा असाच झाला तर साधारण काय होईल, एवढंच ते माप सांगतं. स्वयंगोल पुन्हा होईल या भरवशावर कुठलाही प्रशिक्षक संघ बांधत नाही.

या मापाचा खरा उपयोग भारतीय प्रेक्षकाला कळायला हवा होता तो १० सप्टेंबर २०१९ च्या रात्री दोहामध्ये. विश्वचषक पात्रता फेरी, समोर आशियाई विजेता कतार, सुनील छेत्री तापाने बाहेर. कतारने २७ शॉट मारले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक अडवले आणि सामना ०-० सुटला. दुसऱ्या दिवशी जो तो 'चमत्कार' म्हणत होता. गुरप्रीत त्या रात्री अफाट खेळला, यात वाद नाही. पण हिशेब करून पाहा. प्रत्येक शॉटची किंमत दहात एक धरली, तर २७ पैकी एकही आत न जाण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत येते. त्याला चमत्कार म्हणायला हरकत नाही. पण बचावफळीने कतारला लांबून, अडचणीच्या कोनातून मारायला भाग पाडून हीच किंमत विसात एकावर आणली असेल, तर ती शक्यता पंचवीस टक्के होते. चारात एकदा घडणाऱ्या गोष्टीला चमत्कार कुणी म्हणत नाही. २७ हा आकडा दोन्ही हिशेबांत तोच आहे. शॉट किती, यापेक्षा शॉट कुठून हे विचारायला हवं, आणि आपली वर्तमानपत्रं नेमकं तेवढंच छापत नाहीत.

सगळ्यांत जास्त मिरवणारा आणि सगळ्यांत कमी सांगणारा आकडा म्हणजे चेंडूचा ताबा. मध्यंतराला पडद्यावर पहिल्यांदा तोच झळकतो. २०२२ च्या विश्वचषकात १ डिसेंबरला जपानने स्पेनला २-१ हरवलं तेव्हा चेंडू जपानकडे होता अवघा १७.७ टक्के वेळ. १९६६ पासूनच्या नोंदींत इतक्या कमी ताब्यावर विश्वचषकातला सामना कुणी जिंकलेला नव्हता. त्याच जपानने चार दिवस आधी कोस्टा रिकाविरुद्ध स्वतः जास्त वेळ चेंडू खेळवला आणि ०-१ असा सामना गमावला. स्पेनची गोष्ट तर आणखी करुण. २०१८ मध्ये रशियाविरुद्ध त्यांनी हजारावर पास केले, बरोबरीत अडकले आणि पेनल्टींवर घरी गेले. चार वर्षांनी मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर पास, पुन्हा बरोबरी, पुन्हा पेनल्टी. या वेळी तर एकही पेनल्टी आत गेली नाही.

ताब्याचा आकडा फसवतो त्याचं एक कारण खेळाच्या ओघात दडलेलं असतं. पुढे असलेला संघ मागे सरतो, चेंडू सोडून देतो. मागे पडलेला संघ तो घेऊन धडका देत राहतो. ८ जुलै २०१४ ला जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं धुतलं, त्या सामन्यात शॉट कुणाचे जास्त होते? ब्राझीलचे: १८ विरुद्ध १४. ताबाही ब्राझीलकडेच, ५२ टक्के. नुसता हा तक्ता हातात दिला तर ब्राझील जिंकलं असेल असंच कुणीही म्हणेल. पण जर्मनीचे पहिले पाच गोल २९ मिनिटांतच झाले होते, त्यातले चार तर सहा मिनिटांत. पुढचा तासभर ब्राझील शॉट मारत राहिलं तेव्हा सामना संपून गेला होता. म्हणून कुठलीही आकडेवारी वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा: हे घडलं तेव्हा फलकावर काय होतं? वेळेनुसार फोड न केलेला तक्ता मी तरी वाचायचं सोडून दिलं आहे.

आकडे नीट मोजूनही निष्कर्ष चुकतो, याचा सगळ्यांत बोलका दाखला या विद्येच्या आद्यपुरुषाचाच आहे. चार्ल्स रीप हा ब्रिटिश हवाई दलातला हिशेबनीस. १८ मार्च १९५० ला स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्सचा सामना पाहत असताना मध्यंतरानंतर त्याने खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चाल खुणांनी टिपायला सुरुवात केली. पुढे आयुष्यभर तो टिपत राहिला. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्याने रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. नोंद चोख होती: सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. रीपने यावरून ठरवलं, की जास्त पास करणं म्हणजे वेळ घालवणं. चेंडू उचला आणि पुढे भिरकावा. इंग्लंडच्या कित्येक प्रशिक्षकांनी ते शिरोधार्य मानलं आणि दोन-तीन पिढ्या उंच चेंडूंमागे धावल्या. पण त्याच्याच नोंदींनुसार सगळ्या चालींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त चाली मुळात तीन पासांच्या आतच संपत होत्या. नव्वद टक्के चालींतून ८० टक्के गोल, आणि दहा टक्क्यांहून कमी लांब चालींतून उरलेले २० टक्के. म्हणजे लांब चालीच जास्त फळत होत्या! भाजक न बघता भागाकार केला की असं होतं. ही चूक आजही रोज होते, फक्त वहीच्या जागी संगणक आला आहे.

संगणकाने मोजमाप मात्र कल्पनेपलीकडे नेलं. कतारच्या विश्वचषकात छताखाली बसवलेले बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला पाचशे वेळा आपली जागा कळवत होता. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं त्या सामन्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. सौदीने आखलेला सापळा आधी किलकिल्या डोळ्यांच्या पंचांवर अवलंबून असायचा, तो आता यंत्रावर बिनधास्त टाकता आला. त्या दिवशी सौदीचे शॉट किती? तीन. गोल दोन. ३६ सामने न हरलेला अर्जेंटिना तिथे अडला आणि महिनाभरात विश्वविजेताही झाला. एका सामन्यावर मत बनवणाऱ्यांसाठी याहून चांगला धडा नाही.

मोजमाप असणं आणि नसणं यातला फरक पाहायचा तर पुन्हा नेरूळला यावं लागतं. २५ ऑक्टोबर २०१७, मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत, स्पेन विरुद्ध माली. मध्यंतराला स्पेन २-० पुढे. उत्तरार्धात मालीच्या चेक दुकुरेने लांबून सणसणीत फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. फेरचित्रणात तो रेषेच्या आत पडल्यासारखा दिसत होता. पंचांनी गोल दिला नाही आणि रेषा तपासणारं यंत्र त्या स्पर्धेत नव्हतं. त्यानंतर फेरान टोरेसने स्पेनचा तिसरा गोल केला, मालीने एक फेडला, सामना ३-१. पाच वर्षांनी जपानच्या मितोमाने रेषेवरून ओढलेला चेंडू पूर्ण बाहेर गेला होता की नाही, हे यंत्राने मोजलं. दोन मिलिमीटरांहूनही कमी भाग रेषेवर होता. गोल धरला, स्पेन हरलं. ज्या स्पेनला नेरूळला मोजमाप नसल्याचा फायदा झाला, त्यालाच दोहामध्ये मोजमापाने दणका दिला. नेरूळच्या तक्त्यात दुकुरेच्या फटक्याची नोंद आजही 'शॉट, गोल नाही' एवढीच.

राष्ट्रीय संघांच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे. क्लब आठवड्याला खेळतात, मोसमात चाळीस-पन्नास सामन्यांचा साठा जमतो. राष्ट्रीय संघाच्या वाट्याला वर्षाला दहा-बारा सामने, तेही प्रत्येक वेळी वेगळ्या चेहऱ्यांचे. मग लोक साखळी जोडतात: अमक्याने तमक्याला हरवलं, आपण अमक्याला हरवलं, म्हणजे... २०२२ च्या विश्वचषकात स्पेनने कोस्टा रिकाला ७-० असं चिरडलं, कोस्टा रिकाने जपानला हरवलं, जपानने स्पेनला. साखळी फिरून जिथून निघाली तिथेच आली. त्याच वर्षी २० जानेवारीला डी. वाय. पाटीलवर महिलांच्या आशिया चषकात भारत आणि पदार्पण करणारा इराण ०-० असे बरोबरीत सुटले. तीन दिवसांनी चीनने इराणला ७-० हरवलं. मग भारत चीनपेक्षा सात गोलांनी कच्चा? असं म्हणायची सोयही राहिली नाही, कारण भारतीय चमूत करोना शिरला, पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि नियमाप्रमाणे भारताचा खेळून झालेला सामनाही स्पर्धेच्या हिशेबातून पुसला गेला. आपल्या मैदानावर नव्वद मिनिटं घाम गाळून झालेला सामना, आणि गुणतक्त्यात त्याचा मागमूस नाही.

फिफाची क्रमवारी हा या सगळ्याचा सरकारी सातबारा. ऑगस्ट २०१८ पासून ती बुद्धिबळातल्या एलो पद्धतीवर चालते. सामन्याआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढतात, प्रत्यक्ष निकालातून तो वजा करतात आणि उरेल त्याला सामन्याच्या महत्त्वाने गुणतात: ठरवून दिलेल्या काळातल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १०, विश्वचषक पात्रतेला २५, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे ६०. आपल्याहून २०० गुणांनी वरच्या संघाशी पात्रता सामना बरोबरीत सोडवला तर साडेचार गुण पदरात, जिंकला तर सतरा. मला ही पद्धत जुनीपेक्षा पुष्कळ बरी वाटते, पण एक गोष्ट खटकते. गोलफरकाला तिथे जागा नाही. १-० आणि ५-० दोन्ही सारखेच.

अंधेरीच्या मैदानावरचे सामने यासाठी आठवतात. ३ सप्टेंबर २०१६ ला १५२व्या क्रमांकाच्या भारताने ११४व्या प्युर्टो रिकोला ४-१ हरवलं. मुंबईत ६१ वर्षांनी झालेला आंतरराष्ट्रीय सामना होता तो. पाहुण्यांनी पहिला गोल केला होता, मग चार गोल आपले. १ जून २०१८ ला तिथेच चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफीत काढून लोकांना हात जोडले: शिव्या द्या, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध पावसात स्टेडियम गच्च भरलं, भारत ३-० जिंकला. आता गर्दीमुळे यजमानांना फायदा होतो हा जगभर तपासलेला नियम आहे. करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर युरोपात तो फायदा घटलेलाही दिसला. पण आमचे पाच गोल झाले ते रिकाम्या खुर्च्यांपुढे आणि तीन झाले भरल्या स्टेडियमपुढे. दोन सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे इथेही लागू.

आपल्याकडे उणीव आहे ती नोंदींची. कोल्हापुरात तालमींचे संघ भरल्या शाहू स्टेडियमवर खेळतात, आपल्याच जिल्ह्यात खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी चांगली मैदानं उभारली आहेत, पण सामन्यानंतर हाती उरतात ते गोल करणाऱ्यांची नावं आणि मिनिटं. रीपला वही आणि पेन्सिल पुरली होती. आपल्याला महागडं सॉफ्टवेअर लागेल असं नाही. मैदानाची आकृती काढायची, प्रत्येक शॉटच्या जागी फुली मारायची, शेजारी मिनिट आणि तेव्हाचा गोलफलक लिहायचा. आत गेला तर फुलीभोवती गोल करायचा. आठवीतली मुलगीसुद्धा हे करू शकते, आणि मोसमाअखेरीस तिच्या वहीत जे असेल ते आज राज्यातल्या बहुतेक प्रशिक्षकांकडे नाही.

पुढचा सामना बघाल तेव्हा पडद्यावरच्या ताब्याच्या टक्केवारीकडे कानाडोळा करा आणि असा एक कागद हाताशी ठेवा. निदान दहा सामन्यांचे कागद जमू द्या. मग खुशाल प्रशिक्षकाला नावं ठेवा.